उघडझाप : हललेल्या फोटोंची पत्रं

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी लिहिलं होतं की, कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, सेकंद-दोन सेकंद उघडं ठेवून माणसाचा फोटो काढला तर त्याच्या मनात काय चाललंय ते कधीकधी चेहऱ्याच्या आधी अंगावरून कळतं. एवढ्या एका वाक्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही 'कसं करायचं' विचारणारी, काही 'कशाला करायचं' विचारणारी. वाचक पुण्याचे असल्यामुळे दुसऱ्या प्रकारची पत्रं जास्त सुवाच्य अक्षरात आहेत. निवडक पत्रं थोडी कापून देते आहे. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, कारण बऱ्याच जणांनी घरातलं लिहिलंय.

प्रश्न : मी कर्वेनगरला राहते, शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी 'अस्वस्थता' हा विषय घेतलाय. मैत्रिणीला खुर्चीत बसवलं, डोकं जोरात हलवायला सांगितलं आणि २ सेकंदांचं एक्स्पोजर दिलं, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं ठेवलं. सगळे फोटो भुताच्या सिनेमाच्या पोस्टरसारखे आलेत. सर म्हणाले, 'इफेक्ट छान आहे.' पण मला त्यात ती अस्वस्थ दिसत नाही, नुसतं डोकं हलवताना दिसते. काय करू?

उत्तर : सरांपेक्षा तुझी नजर बरी आहे. तू डोकं हलवायला सांगितलंस, तिनं हलवलं आणि कॅमेऱ्यानं तेवढंच टिपलं. शटर जास्त वेळ उघडं ठेवल्यानं फोटोत भावना येत नाही. त्या वेळात अंगानं जे जे केलं त्याची बेरीज येते. त्यामुळे तिचा चेहरा कसा दिसायला हवा हा प्रश्न जरा बाजूला ठेव आणि अस्वस्थ असताना ती नेमकं काय करते ते बघ.

डोकं तर ती नक्कीच हलवत नाही. अस्वस्थ माणूस उलट डोकं जागच्या जागी घट्ट धरून ठेवतो, कुणाला कळू नये म्हणून. मग ती अस्वस्थता दुसरीकडून कुठून तरी बाहेर पडते. पासपोर्टच्या फोटोला येणारी माणसं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. फोटोत छातीच्या वरचं येतं, पण स्टुलावर बसलेला माणूस मला अख्खा दिसतो. एक मुलगी आठवते. व्हिसाची मुलाखत दुसऱ्या दिवशी होती. चेहरा सांगितला तसा, मान सरळ, हनुवटी थोडी खाली, ओठ मिटलेले. आणि मांडीवर उजव्या अंगठ्याच्या नखानं डाव्या तर्जनीच्या नखाकडची कातडी सोलणं चाललेलं. सोलायची, थांबायची, तिथेच बोट फिरवून बघायची, पुन्हा सोलायची. कॅमेरा दीड फूट खाली घेतला असता तर तुझा प्रोजेक्ट तिथेच झाला असता.

तेव्हा मैत्रिणीसोबत आधी कॅमेऱ्याशिवाय तासभर बस. ती ओढणीचं टोक पिळते का, अंगठी फिरवते का, पाय हलवते का? (बसल्या जागी पाय हलवला की दारिद्र्य येतं, असं सांगून आपल्या आज्यांनी कित्येकांची अस्वस्थता दुसऱ्या अवयवात ढकलली आहे.) जे सापडेल तेवढंच फोटोत हलायला हवं. बाकी सगळं थांबलेलं. भिंतीला डोकं टेकवून बसवलंस तर मान आपोआप स्थिर राहील. तिच्या डोळ्यांना एक जागा नेमून दे, दाराची कडी म्हण किंवा स्विचबोर्ड. बुबुळं फिरली की डोळे गढूळ येतात. पापण्या मात्र मिटल्या-उघडल्या तरी चालतं. दोन सेकंदांत पापणीचा हिस्सा इतका थोडा असतो की तो उमटतच नाही.

आता उजेड. खोली अंधारी कर आणि एकच दिवा बाजूनं लाव. ९ वॉटचा बल्ब चेहऱ्यापासून तीनेक फुटांवर असेल तर आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) १००, एफ-८ (लेन्सच्या छिद्राचं माप) आणि २ सेकंद इथून सुरुवात कर. त्या आसपासच जमेल. मात्र बल्ब बघून घे. स्वस्तातला एलईडी आपल्याकडच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते कळत नाही, पण हलणाऱ्या हाताच्या सलग रेघेऐवजी त्यात सुट्ट्या सुट्ट्या पट्ट्या उमटतात. एखादीला त्या आवडतीलही, तुझ्या विषयाला मात्र त्या नकोत. तारेचा जुना पिवळा बल्ब मिळाला तर रेघ मऊ येते. तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानांत विचार, दुकानदार आधी हसेल, मग आतून काढून देईल.

मागे काळं कापड लाव, शक्यतो मखमल. काळ्यावर उजळ वस्तू हलली तर तिचा माग राहतो, पांढऱ्यावर सावळी वस्तू हलली तर पांढरं तिला खाऊन टाकतं. म्हणून ओढणी फिकी आणि मांडीवरचा कपडा गडद असू दे.

हिशेब एवढाच लक्षात ठेव. शटर ४ सेकंद उघडं आहे आणि तिनं ३ सेकंद समोर बघून शेवटच्या सेकंदाला मान दाराकडे वळवली, तर समोरच्या चेहऱ्याला तीन चतुर्थांश उजेड मिळेल आणि तो जवळजवळ नेहमीसारखा येईल. दाराकडचा चेहरा पुसट, आरपार दिसेल असा. दोन-दोन सेकंद वाटून दिलेस तर दोन्ही चेहरे अर्धवट राहतील आणि कुठला खरा ते बघणाऱ्याला कळणार नाही. झटकन वळली तर मधलं काहीच उमटणार नाही, सावकाश वळली तर सगळी वाट दिसेल. 'फोन येईल का' हा भाव तीन-एकच्या वाटणीत आहे. 'जाऊ की राहू' हा दोन-दोनच्या. सेकंद कुठे खर्च करायचे ते तू ठरव.

शेवटचं. 'अस्वस्थ हो' असं तिला सांगू नकोस, आणि फोटोसाठी तिला मुद्दाम अस्वस्थही करू नकोस. साधा प्रश्न विचार, 'काल झोप कधी लागली?' उत्तर द्यायच्या आधी माणूस क्षणभर गप्प होतो ना, तिथे शटर दाब. रिमोट किंवा वायरचं बटण असेल तर कॅमेऱ्यामागे डोळा लावून बसावं लागत नाही, तिच्याकडे बघत बोलता येतं. मला तर हे बटण महागड्या लेन्सपेक्षा जास्त कामाला येतं.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही चाळीस वर्षे फोटो काढले. रोल धुऊन आल्यावर जो फोटो हललेला असे तो फेकून देत असू व छत्तीस फोटोंचे पैसे दिल्याबद्दल हळहळत असू. आता हललेल्या फोटोंस कला म्हणतात हे वाचून करमणूक झाली. उद्या कापलेली मुंडकी ही शैली ठरेल काय? — सदाशिव पेठ

उत्तर : कापलेली मुंडकी शैली ठरून बरीच वर्षं झाली, पण तो विषय पुढच्या अंकासाठी राखून ठेवते.

हललेल्या फोटोबद्दल तुमची तक्रार जुनी आणि खानदानी आहे. १८३८ साली दागेर या सुरुवातीच्या फ्रेंच छायाचित्रकारानं पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो खिडकीतून घेतला. एक्स्पोजर काही मिनिटांचं. रस्त्यावरची सगळी माणसं आणि गाड्या त्यात नाहीशा झाल्या. राहिला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला गृहस्थ आणि अंधूकसा पॉलिश करणारा. सगळं शहर हललं आणि थांबलेला तेवढा इतिहासात गेला. पुढे स्टुडिओवाल्यांनी गिऱ्हाइकाच्या मानेमागे लोखंडी टेकू लावायला सुरुवात केली. आपल्या पणजोबांच्या फोटोंतला तो कडक चेहरा त्यांच्या स्वभावाचा मानतात. थोडा त्या टेकूचाही असेल.

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई १८१५ मध्ये कलकत्त्यात जन्मली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लेकीकडून भेट म्हणून कॅमेरा मिळाला आणि इंग्लंडमध्ये ती पोर्ट्रेट काढू लागली. मिनिट-मिनिटांची एक्स्पोजर, फोकस मऊ, समोरच्याची मान थोडी डुललेली. त्या काळच्या जाणकारांनी तिच्यावर तुमच्याच सुरात टीका केली. तो मऊपणा तिला हवाच होता, म्हणून तिनं टेकू वापरायची तसदी घेतली नाही. पुढे १९११ च्या सुमारास इटलीत ब्रागालिया या गृहस्थानं मान वळवणारी, टंकलेखन करणारी, नमस्कार करणारी माणसं मुद्दाम हलती टिपली. मजा म्हणजे वेगाचं कौतुक गाणाऱ्या त्याच्याच चित्रकार मित्रांनी १९१३ मध्ये 'आमचा याच्याशी संबंध नाही' असं जाहीर केलं. तेव्हा तुम्ही एकटे नाही, चांगल्या संगतीत आहात.

तुमचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. हात हलला म्हणून बिघडलेला फोटो आणि हलू दिलेला फोटो यांत फरक आहे आणि तो दिसायला हवा. ओळखण्याची साधी खूण सांगते. पहिल्यात सगळंच हललेलं असतं, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा. दुसऱ्यात कॅलेंडरवरची तारीख वाचता येते. ते जुने हललेले फोटो खरंच फेकलेत की डब्यात आहेत? असतील तर कॅलेंडर बघा.

प्रश्न : माझ्याकडे कॅमेरा नाही, मोबाईल आहे. हडपसरला हे शिकवणारंही कुणी नाही. मोबाईलवर हे जमेल का?

उत्तर : जमेल. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये 'प्रो' मोड आहे का बघा. त्यात शटरचा वेळ स्वतः ठेवता येतो, आयएसओ सगळ्यात कमी ठेवा. बहुतेक मोबाईलचं छिद्र लहान-मोठं होत नाही, म्हणून दिवसा फोटो पांढराफटक होणार. संध्याकाळनंतर घरात, एका दिव्यावर काढा. 'नाइट मोड' मात्र वापरू नका. तो बरेच फोटो घेऊन एकमेकांवर नीट बसवतो आणि हललेलं पुसून टाकायला बघतो, म्हणजे आपल्याला हवं ते नेमकं घालवतो. आयफोन असेल तर लाइव्ह फोटो काढून नंतर त्याच्यावर 'लाँग एक्स्पोजर' निवडता येतं. बटण दाबण्याआधीचा आणि नंतरचा दीड-दीड सेकंद त्यात असतो, त्यामुळे समोरच्याला आधीपासून हलायला सांगा. मोबाईल हातात धरू नका. डब्यांच्या उतरंडीला रबरबँडनं बांधा आणि २ सेकंदांचा टायमर लावा.

प्रश्न : माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. आयुष्यभर छापखान्यात खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) जुळवले. गेली काही वर्षं त्यांना कंपवात आहे. उजवा हात सतत हलतो. घरच्या प्रत्येक फोटोत त्यांचा हात पुसट येतो आणि आम्ही तो फोटो बाजूला टाकतो. तुमचं उत्तर वाचून वाटलं की तो हात हलताना मुद्दामच टिपावा. माझा धाकटा भाऊ म्हणतो, ही अण्णांची चेष्टा आहे. त्याचं बरोबर आहे का? — सहकारनगर

उत्तर : हे पत्र मी दोन-तीनदा वाचलं. चेष्टा आहे का, हे तुम्ही दोघं भाऊ आपापसात ठरवताय. अण्णांना विचारलंत का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही.

विचारताना नुसतं तोंडी विचारू नका, कारण फोटो कसा येईल ते ऐकून कळत नाही. आधी स्वतःचा हात हलवून तसा एक फोटो काढा आणि त्यांना दाखवा. 'तुमच्या हाताचा असा काढू का?' म्हणा. खिळे जुळवणारा माणूस उलटी अक्षरं सुलट वाचत आलाय. चित्र कसं होतं ते त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळेल. नको म्हणाले तर विषय संपला. हो म्हणाले तर पुढचं वाचा.

मी डॉक्टर नाही, पण फोटोला लागतं तेवढं सांगते. कंपवाताचा कंप साधारणपणे सेकंदाला ४ ते ६ वेळा होतो आणि हात निवांत पडलेला असताना तो जास्त दिसतो. हातानं काही करायला घेतलं की बऱ्याच जणांचा कमी होतो. म्हणजे पाव सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये जेमतेम एक हेलकावा येईल आणि तो चुकून हलल्यासारखा वाटेल. एक सेकंद दिलात तर चार-सहा हेलकावे एकावर एक बसतील आणि बोटांभोवती एक पुसट पट्टा तयार होईल. हवा आहे तो हा. कंप आखूड असतो, म्हणून कॅमेरा जवळ न्या. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून हात नुसता फोकसबाहेर गेल्यासारखा दिसेल.

या आजारात पुष्कळदा चेहऱ्यावरचे हावभावही कमी होतात. आत सगळं असतं, पण चेहऱ्याचे स्नायू ते पोचवत नाहीत. नातवंडांना वाटतं आजोबा रागावलेत. अशा वेळी 'अण्णा, जरा हसा' म्हणत कॅमेरा रोखून बसणं हाच मला खरा छळ वाटतो. तुमच्या फोटोत चेहरा स्पष्ट आणि शांत येईल, हात बोलेल. बघणारा आधी हाताकडे जाईल आणि मग चेहऱ्याकडे परत येईल. फक्त चेहरा फ्रेममध्ये हवाच. नुसत्या हाताचा फोटो काढलात तर तो आजाराचा फोटो होईल. अण्णांचा होणार नाही.

दोन्ही बाजूंना हात असलेली खुर्ची घ्या. मांडीवर गडद शाल टाका, धोतर किंवा पांढरा पायजमा असेल तर त्यावर हात विरून जाईल. उजेड खिडकीचा, एका बाजूनं. घाई करू नका, ताण आला की कंप वाढतो. फोटोसाठी गोळीची वेळ मात्र अजिबात पुढे-मागे करायची नाही. दमले तर थांबा.

आणि आणखी एक फोटो काढा. जुन्या छापखान्यातली स्टिक घरात कुठे पडलेली असेल तर ती त्यांच्या हातात द्या. ज्या धातूच्या पट्टीत ओळ जुळवत ती. नसेल तर आठवण म्हणून ठेवलेला कुठलाही सुटा खिळा चालेल. काम हातात आल्यावर हात बराचसा थांबण्याची शक्यता आहे. तेव्हा सेकंदाच्या २५०व्या भागाचं, म्हणजे झटकन मिटणारं शटर लावून हात पूर्ण थांबवा. दोन्ही फोटो शेजारी-शेजारी ठेवले की कळेल, एकाच हाताचे आहेत.

भावाची भीती मी उडवून लावत नाही. त्यानं कधीतरी कुणाला तरी अण्णांच्या हाताची नक्कल करताना पाहिलेलं असेल. हा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलात तर खाली हात जोडलेली आणि रडकी तोंडं येतील, ती अण्णाही बघतील. फोटो कुठे लागेल आणि कुणाला दिसेल ते अण्णांनी सांगायचं. भावाला त्या दिवशी दिवा धरायला उभं करा.

प्रश्न : लातूरहून नोकरीसाठी पुण्यात आलोय, वाकडला राहतो. एकटेपणावर फोटोंची मालिका करायची आहे. कल्पना अशी : पुणे स्टेशनच्या गर्दीत मित्र स्थिर उभा राहील आणि बाकीची गर्दी धूसर होईल. तांत्रिक बाजू सांगाल का?

उत्तर : तांत्रिक बाजू सोपी आहे : ट्रायपॉड, दोनेक सेकंद, मित्र पुतळा. अवघड आहे ते परवानगीचं. स्टेशनच्या आवारात ट्रायपॉड उघडलात की रेल्वे पोलीस मित्राच्या आधी तुमच्यापाशी येतील. शिवाय तुमची कल्पना इतक्या जणांनी वापरलीय की आता तो फोटो एकटेपणाचा न वाटता एकटेपणाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा वाटतो.

तितारेंको नावाच्या रशियन छायाचित्रकारानं १९९० नंतरच्या पडझडीच्या काळात सेंट पीटर्सबर्गमध्ये मेट्रो स्टेशनच्या पायऱ्या चढणारी गर्दी अशीच लांबलचक एक्स्पोजरनं टिपली. त्यात मुद्दाम थांबवलेला कुणीच नाही. माणसं सगळी धुकं झाली आहेत आणि जिन्याच्या कठड्याला धरलेले हात तेवढे टिकले आहेत. कारण गर्दीत रेटलं जाताना हात एका जागी घट्ट धरला जातो. हे त्याला ठरवून उभं करावं लागलं नाही, तिथे घडतच होतं. तुम्ही एकटे असता तेव्हा तुमच्या दिवसात काय घडतं?

वाकडच्या फ्लॅटमध्ये तुम्ही चार-पाच जण राहत असाल. रात्री डबे येतात. कुणी उभ्याउभ्या खातो, कुणी फोनवर बोलत बाल्कनीत फेऱ्या घालतो, कुणी फ्रीज उघडून बघतो आणि पुन्हा लावतो. त्या खोलीत कॅमेरा कपाटावर ठेवा. साधी ट्यूबलाइट असेल तर आयएसओ १००, एफ-१६ आणि ४ सेकंद बसतील. एक जण डबा पुढ्यात घेऊन खाली बसलेला असू दे, न जेवता. बाकीच्यांना काही सांगू नका, फक्त फोटो काढतोय हे आधी माहीत असू दे. चालणारी माणसं वाफ होतील. ओळखीच्या चार माणसांची वाफ झालेली बघणं हे स्टेशनवरच्या चारशे अनोळखी माणसांपेक्षा मला जास्त बोचतं.

आई लातूरला असेल तर तिथेही हाच प्रयोग करता येईल. तुम्ही पानावर बसलेले आणि आई वाढण्यासाठी सारखी ये-जा करणारी. तिथे ती धूसर झाली तरी ताटातली भाकरी स्पष्ट दिसेल. अर्थ उलटा होईल, तंत्र तेच.

प्रश्न : मी ढोल-ताशा पथकात ढोल वाजवते. सगळे फोटोवाले आमचे हात हवेत थांबलेले काढतात. वाजवताना जो जोश अंगात येतो तो त्यात दिसत नाही. काही करता येईल का?

उत्तर : येईल. मिरवणुकीच्या दिवशी मात्र नको, तिथे ट्रायपॉडला पाय ठेवायला जागा नसते आणि फोटोवाल्यालाही नसते. सरावाच्या वेळी कुणाला तरी बोलवा. म्हात्रे पुलाजवळ नदीपात्रात संध्याकाळी पथकं सराव करतात, त्या दिवेलागणीच्या उजेडात पाव सेकंद पुरतो. तेवढ्या वेळात टिपरू वर जाऊन खाली येतं आणि त्याचा पंखा उमटतो. अडचण चेहऱ्याची आहे, कारण ढोल वाजवताना सगळं अंग वाकतं. त्यावर फ्लॅशचा उपाय. फ्लॅशच्या सेटिंगमध्ये 'रिअर कर्टन' असतं ते लावा. मग फ्लॅश एक्स्पोजरच्या सुरुवातीला न उडता शेवटी उडतो. आधी हालचालीचा माग आणि त्याच्या टोकाला स्पष्ट चेहरा, असा क्रम मिळतो. नेहमीच्या सेटिंगवर माग चेहऱ्याच्या पुढे धावतो आणि माणूस मागे मागे वाजवत चालल्यासारखा दिसतो.

फोटो काढणाऱ्याला ठेका कळायला हवा. समेवर बटण दाबणारा आणि दचकून बटण दाबणारा यांच्या फोटोंत फरक पडतो. तुमच्याच पथकातल्या कुणाला तरी शिकवा.

प्रश्न : दिवसाउजेडी असे फोटो काढण्यासाठी फिल्टर लागतो म्हणतात. कोणता घेऊ?

उत्तर : एनडी ६४ म्हणतात तो, उजेड कमी करणारी गडद काच. उजेड ६ स्टॉपनं कमी होतो, म्हणजे सहा वेळा निम्मा होतो. त्यामुळे सेकंदाच्या ६०व्या भागाचं शटर साधारण एका सेकंदावर येतं, आणि माणसांच्या फोटोला एक सेकंद पुष्कळ झाला. दुकानदार एनडी १००० गळ्यात मारेल, तो १० स्टॉपचा. धबधबे आणि ढग काढायला तो ठीक आहे. फिल्टर लावण्याआधी फोकस करा, नंतर नीट दिसत नाही.

प्रश्न : आम्ही काही मैत्रिणींनी अशा फोटोंचं छोटं प्रदर्शन भरवायचं ठरवलंय. फोटोंना 'वेदना', 'प्रतीक्षा', 'अंतर्मनाचा कल्लोळ' अशी नावं दिली आहेत. एका फोटोच्या नावावरून भांडण झालं. तुम्ही काय सुचवाल? — एरंडवणे

उत्तर : तिन्ही नावं काढून टाका, भांडण मिटेल. 'वेदना' लिहिलं की बघणारी बाई मान डोलावून पुढच्या फोटोकडे जाते, तिचं काम तुम्ही करून टाकलेलं असतं. कुणाचं नाव टिकवायचं यावर वाद घालण्यापेक्षा नाव झाकून तो फोटो शेजारच्या काकूंना दाखवा आणि 'हिला काय झालंय?' विचारा. काकू 'हिला कुठेतरी जायचंय' म्हणाल्या आणि तुम्ही 'वेदना' लिहिलं असेल, तर काकूंचं ऐका.

पाटीवर काय घडलं तेवढं लिहा : 'मुलीचा फोन येण्याआधी, ६ सेकंद.' 'दवाखान्यातून आल्यावर, २ सेकंद.' ज्यांचा फोटो आहे त्यांना ती ओळ आधी वाचून दाखवा आणि त्यांना चालत असेल तरच लावा. अक्षर मोठं ठेवा, प्रदर्शनांना येणारे निम्मे लोक चष्मा घरी विसरतात. किंमत लिहायची असेल तर वेगळ्या कागदावर, दारापाशी.